पिवळी बाही

फिनलंडमधल्या तुर्कूच्या नदीकाठी ऑक्टोबरात जो वारा सुटतो, त्याला काही लाजलज्जा नसते. त्या संध्याकाळी त्याने साइमीच्या टोपीवर झडप घातली, टोपी सावरायला ती वळली, आणि तिची बाही समोरून येणाऱ्या सायकलच्या हँडलला अडकली. टर्रर्र... खांद्यापासून थेट कोपरापर्यंत.

“मेलो!” सायकलवाल्याने उडीच मारली. “चूक माझी. नाही, वाऱ्याची. नाही नाही, माझीच!”

“तू आणि वारा अर्धी अर्धी वाटून घ्या,” साइमी म्हणाली.

त्याचं नाव दुआर्ते. वर्षभरासाठी पोर्तुगालमधल्या पोर्तोहून तिच्याच बिझनेस स्कूलमध्ये आलेला. ओले कुरळे केस, आणि बोलताना हात असे चालायचे की तेवढ्यात सायकल दोनदा पडली.

फाटली होती ती साइमीची डंगरी. गॅरेजमध्ये घालतात तशी, गळ्यापासून पायापर्यंत एकसंध. इथल्या विद्यार्थ्यांची हिरवी, बाहेरून आलेल्यांची पिवळी. प्रत्येक मेजवानीचा कापडी बिल्ला तिच्यावर हातानेच शिवायचा; डिंकाने चिकटवणाऱ्याला जन्मभर चिडवतात. आणि धुवायची तर अंगात घालूनच नदीत उडी मारायची. त्यामुळे फारसं कुणी धुवत नाही.

“दे इकडे, शिवून देतो,” दुआर्ते म्हणाला. “हसू नकोस, येतं मला.”

सोमवारी कॅन्टीनमध्ये त्याने डंगरी तिच्या हातात ठेवली. टाके कसे बारीक, सुरेख... पण बाही पिवळी होती!

“तुझ्या बाहीच्या चिंध्या झाल्या होत्या. म्हणून तुला माझी लावली, आणि तुझी जोडजोडून मी घेतली. शोभते की नाही?” त्याने हात वर केला. पिवळ्या डंगरीला हिरवी बाही.

कॅन्टीनमधल्या सगळ्या माना वळल्या. मग एकदम टाळ्या. साइमीची जिवलग मैत्रीण इन्केरी मागून किंचाळली, “अगं चोरटे! आम्हाला कधी सांगणार होतीस?”

कारण इथे बाह्या बदलतात ते फक्त प्रेमात पडलेले. बिनसलं, की उसवून परत करतात.

दुआर्ते मान लववून टाळ्या स्वीकारत होता. बिचाऱ्याला वाटत असणार, शिवणकामाचं कौतुक चाललंय. त्याला सांगायलाच हवं होतं. साइमीने तोंडही उघडलं...

“छान शिवलंयस,” एवढंच बाहेर पडलं.

उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता बर्फ पडलं. गाण्यांच्या मेजवान्या सुरू झाल्या. गाणं चुकलं की टेबलाखाली बसायची शिक्षा. दुआर्तेला फिनिश शब्द येत नसत, म्हणून त्याचा मुक्काम बहुतेक तिथेच. खालून तो तिच्या बुटाची नाडी ओढायचा.

“साइमी... वर काय वाढलंय?”

“बटाटे.”

“मग मी इथेच बरा.”

ती खळखळून हसायची, आणि घरी परतताना त्याच पिवळ्या बाहीने डोळे पुसायची. सगळ्या शाळेच्या लेखी तो तिचा होता. फक्त त्यालाच ते ठाऊक नव्हतं. सांगितलं तर तो ‘सॉरी हं’ म्हणून बाही उसवून नेईल, आणि मग तिच्याकडे काहीच उरणार नाही, या एका भीतीने तिने अख्खा हिवाळा काढला.

मे उजाडला. निरोपाच्या जेवणाला ज्याने त्याने आपल्या देशातल्या विद्यार्थ्यांचा पोशाख घालायचा होता. दुआर्ते आला तो घोळदार काळा झगा पाठीवर टाकून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं विमान होतं. साइमीने त्याला अंगणात गाठलं. दुपारीच उसवलेली बाही तिने पुढे केली.

“घे. आपल्यात तसं काही नव्हतंच... तुला ठाऊक नाही, इथे बाही बदलणं म्हणजे—”

“ठाऊक आहे.”

“काय?”

“त्याच दिवशी शेजारच्या खोलीतल्याने सांगितलं. मी असा घाबरलो! म्हटलं, ही आता उसवून तोंडावर फेकणार. तू फेकली नाहीस. मग रोज वाट पाहिली... आज बोलेल, आज बोलेल.”

“मग तू का नाही बोललास? एरवी तर तोंड मिटत नाही तुझं!”

“इथे सगळेच गप्प असतात. मला वाटलं, प्रेमातही अशीच रीत असेल.”

साइमीला हसू आलं आणि रडूही. टेबलाच्या वर एक आणि खाली एक बसून दोघांनी सगळे महिने घालवले होते.

त्याने बाही घेतली नाही. पाठीवरचा झगा काढून तिच्यापुढे धरला. काठाला दोन्ही बाजूंनी चिरा होत्या.

“आमच्याकडे शिवत नाहीत, फाडतात. या डावीकडच्या घरच्यांनी फाडल्या, उजवीकडच्या मित्रांनी.”

“आणि मध्ये?” मधलं कापड अखंड होतं.

“मध्ये एकच असते. ती... जिच्यावर जीव असतो, तिने फाडायची. कात्री चालत नाही, दातांनी सुरुवात करायची.”

“आणि बिनसलं तर?”

“तर शिवून टाकतात. पण टाके दिसतातच गं. पोर्तोत सगळे विचारतील, कोण ही?”

“काय सांगशील?”

“आधी फाड तर खरी!”

साइमीने काठ दातांत धरला. डोळ्यांतलं पाणी ओठांवर आलं होतं, तरी तिने दात रोवले. धागे तुटले. मग दोन्ही हातांनी ती ओढत सुटली.

“अगं बस, बस! टीचभरच फाडतात!” दुआर्ते ओरडला.

“माझा अख्खा हिवाळा राहून गेलाय,” साइमी म्हणाली, आणि ओढतच राहिली.