निळ्या नळीभोवतीचा बर्फ

पहिल्याच भेटीत मी त्याची नळी ट्रॅक्टरखाली चिरडली.

“ती माझी नळी होती,” गुडघाभर बर्फात उभा तोमाबेची म्हणाला.

“आणि हे माझं शेत.”

तो हसला. मला राग यायला हवा होता... आला नाही.

उत्तर जपानातल्या तोकाचीत भर हिवाळ्यात आम्ही शेतावरचा बर्फ बाजूला ढकलतो. बर्फाखाली जमीन उबदार राहते, काढणीत राहिलेले बटाटे जगतात, आणि उन्हाळाभर मी नि बाबा घेवड्याच्या पिकातून ते तण म्हणून उपटत बसतो. थंडी आत शिरली की ते मरतात. फार खोल शिरली तर मात्र पेरणी लांबते.

“नळीत निळं पाणी आहे. गोठलं की रंग जातो. रंग गेला तिथवर थंडी,” दुसरी नळी रोवत तो म्हणाला.

“पूर्वी तुमच्या कृषी संशोधन केंद्राचे लोक शिकवायला यायचे. बाबा बसल्या बसल्या झोपायचे.”

“मी विचारायला आलोय. युक्ती तुमचीच, आम्ही नुसतं मोजतो.”

तो दर आठवड्याला यायचा, आणि माझं लक्ष रस्त्याकडे. एकदा पुन्हा बर्फ पडला, मी तो ढकलला. पुढच्या खेपेला तो नळी बघून चक्रावला.

“अजून निळीच? आणि इथेच बर्फ कसा उरला?”

माझे कान तापले. “नळी मोडली असती... म्हणून वळसा घातला.”

“म्हणजे पांघरूणच घातलंत. आता केंद्रात काय सांगू?”

“खरं ते सांगा.”

त्याने नळी उघड्या जमिनीत हलवली. एप्रिलमध्ये त्याची दक्षिणेत बदली झाली. निघताना मी त्याला नुसता हात हलवून निरोप दिला. फार रडले मात्र.

जूनमध्ये सगळं शेत स्वच्छ होतं. फक्त घेवड्यात, नळीच्या जुन्या जागी, एक गोल, बटाट्याच्या रोपांनी भरलेला. मी फोटो पाठवला: “तुमची चूक उगवली.”

“चूक तुमची,” उत्तर आलं. शनिवारी तो स्वतःच आला.

बाबा म्हणाले, “ज्यांनी जगवले त्यांनीच उपटावेत,” आणि मुद्दाम घरात गेले.

आम्ही वाकून उपटत होतो. शेवटच्या रोपाशी दोघांचे हात थांबले.

“केंद्रात मी खरं ते सांगितलं,” तो म्हणाला. “साहेबांनी विचारलं, तिने नळी जपली की तुला?”

“मग...?”

“ते मला कुठे माहीत? म्हणून विचारायला आलोय. इकडे परत बदली मागू का?”

“मागा,” मी म्हणाले. “नळीसाठी कोण वळसा घालतं? पण पुढच्या हिवाळ्यात ती माझ्या वाटेत रोवू नका.”

“तिथेच रोवणार,” तो म्हणाला, आणि मातीने भरलेला माझा हात त्याने सोडला नाही.