निळा धागा पुढे होता

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण माझी मावशी थापा मारणाऱ्यातली नाही. हे घडलं तिच्या शिवणाच्या दुकानात. अमावास्या नव्हती की मध्यरात्र नव्हती. भर दुपार होती आणि रस्त्यावर रहदारी चालू होती.

दुकान मावशी आणि तिची नणंद मिळून चालवायच्या. मावशी त्यांना वन्सं म्हणायची. जेवण झालं की दोघी आळीपाळीने एकच कादंबरी वाचायच्या. खुणेला मावशीचा लाल धागा, वन्संचा निळा. वन्सं वाचण्यात पटाईत, सदा पुढे. म्हणून नियम ठरला होता, पुढे असेल तिने प्रकरण संपलं की थांबायचं. मागचीला येऊ द्यायचं.

शेवटच्या कादंबरीतली नायिका बहीण गेल्यापासून पानंच्या पानं खिडकीत उभी होती.

"पुस्तकातल्या बायकांचं बरं असतं," बोट जिभेला लावून पान उलटत वन्सं म्हणायच्या. "त्यांना रडायला खिडकी मिळते. आपल्याला गिऱ्हाईक सोडतंय का?"

आणि ती कादंबरी अर्धी टाकून वन्सं गेल्या. ध्यानीमनी नसताना.

मावशी रडली नाही. तिने दुकान उघडलं. लोक म्हणाले, धीराची बाई. तिला मात्र एकच जाणून घ्यायचं होतं, ती खिडकीतली बाई पुढे जगते कशी? तिला स्वतःला ते सुचत नव्हतं.

तिने निळ्या धाग्यापर्यंत वाचलं. दोन्ही धागे शेजारी ठेवून पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दुपारी उघडलं, तर...

निळा धागा एक प्रकरण पुढे होता.

वाटलं, आपणच वेंधळ्यासारखा ठेवला असेल. तेवढं वाचून काढलं. दुसऱ्या दिवशी धागा पुन्हा पुढे. आणि पानांचे कोपरे...

ओले होते.

मावशी घाबरली नाही. उलट तिला दुपारची ओढ लागली. दिवसभरात तेवढीच काय ती सोबत.

मग उरलं शेवटचं प्रकरण.

तिने पुस्तक खणात ठेवून दिलं. ते संपल्यावर वन्सं कशाला येतील?

त्या दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं. तिने मशीन थांबवलं, आणि खणातून आवाज आला...

पान उलटल्याचा.

पुन्हा एक.

"वन्सं, थांबा," ती म्हणाली. "नियम आहे ना आपला? मला टाकून पुढे जाऊ नका."

पानं उलटतच राहिली. मग सगळं शांत झालं. तिने खण ओढला. निळा धागा शेवटच्या पानावर होता.

तेव्हा मावशी रडली. मशीनवर डोकं टेकून, गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं तरी.

मग तिने निळा धागा उचलून मागे, लाल धाग्याशेजारी ठेवला.

याला वर्ष झालं. धागा तिथून हललेला नाही. "नियम पाळतायत," मावशी म्हणते. पण एखाद्या दुपारी मला विचारते, "त्या थांबल्यात ना गं? की धागा हलवायला आता कुणी राहिलंच नाही?"

परवा तिने पुस्तक माझ्या हातात दिलं. "तू वाच आणि एवढंच सांग, ती बाई सावरते का."

मी शेवटचं पान उघडलं.

कोपरा अजून ओला होता...

मी वाचलं नाही. पुस्तक मिटून तिला परत दिलं. "तूच वाच, मावशी. त्या थांबल्यात."

खरं बोलले की खोटं, मला अजून कळलेलं नाही.