वटवट्याचं पाणी

माझी नणंद पक्षी पकडते आणि मी त्यांची पिसं जाळते. नव्या पाहुण्यांना आमची ओळख करून देताना नवरा मुद्दाम एवढंच सांगतो आणि त्यांचे चेहरे बघत बसतो.

खरं तर काम अगदी निरुपद्रवी. पीस वाढत असताना पक्षी जिथलं पाणी पितो, त्या पाण्याची खूण पिसात कायमची राहते. कुठल्या मुलखातल्या पाण्यात जड हायड्रोजन जरा जास्त असतो, कुठे कमी; जितका कमी, तितकं पाणी हलकं. पिसाचा कण चांदीच्या इवल्याशा वाटीत बंद करून मी भट्टीत सोडते. यंत्र आकडा देतं, आणि थंडीत आलेला पाहुणा कुठून आला ते कळतं.

नणंदेला घरात सगळे टिटवी म्हणतात, कारण तिच्या तोंडाला विश्रांती नाही. त्या सकाळी ती तळ्यावरून चिखलाच्या बुटांनिशीच प्रयोगशाळेत शिरली.

"वहिनी, आज मला बोलण्यात कुणीतरी हरवलं गं! एवढासा वटवट्या. मुठीत होता, पण सुटायची धडपडच नाही. गप्पा मारत बसला."

तिनं त्याच्या शेपटीचं पीस टेबलावर ठेवलं.

आकडा आला तेव्हा मला हसूच फुटलं. इतकं हलकं पाणी ध्रुवावरच्या बर्फातसुद्धा नसतं. यंत्र रुसलं असणार म्हणून आकडा आधीच ठाऊक असलेले तपासणीचे नमुने घातले. ते चोख निघाले. पिसाचा दुसरा कण जाळला.

तोच आकडा.

"उपटलेल्या जागी नवं पीस येईलच," टिटवी म्हणाली. "ते तर आमच्या तळ्याचं पाणी पिऊन उगवणार. मग कळेल खोटं कोण बोलतंय."

वटवट्या तळ्यावरच राहिला. टिटवी रोज त्याला बघून यायची, आणि जेवताना त्याच्या नकला करून आम्हाला हसवायची. काही आठवड्यांनी तो पुन्हा जाळ्यात आला. पायात तिनंच घातलेलं कडं होतं, शेपटीत नवंकोरं पीस.

आकडा तोच.

मी डोकं धरून बसले. टिटवी मात्र खिदळत होती. "आता माझं नख जाळ! मी तरी इथली आहे का, बघू दे."

नख आणि पीस एकाच जातीच्या प्रथिनाचं, त्यामुळे यंत्राची हरकत नव्हती. दोघींनी कागदावर नखं कापली. माझी नखं तुझ्यात मिसळू नकोस, तुझी माझ्यात नकोत, असली चेष्टा चालली होती. माझं नख आधी गेलं. आमच्या नळाचं पाणी, तंतोतंत.

मग तिचं.

आम्ही एका घरात राहतो. एका पातेल्यातलं जेवतो. वर्षभरात ती गावाबाहेर गेलेली नाही.

मी पुन्हा तिचं नख घातलं. वाटी चिमट्यातून दोनदा निसटली.

वटवट्याचाच आकडा.

टिटवी माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होती. मग तिनं माझी पाठ थोपटली.

"यंत्र चांगलंय हं तुझं."

मी नळावर दोन ग्लास भरले आणि एक तिच्यासमोर धरला. तिनं एक घोट घेतला, नाक मुरडलं आणि हसून ग्लास खाली ठेवला.

"एवढी वर्षं झाली गं वहिनी, पण इथलं पाणी मला अजून जडच लागतं."