हौदातली बाई

सौमित्रला ऑफिसचा कॉल आला म्हणून आम्ही त्या गावात थांबलो. नाहीतर थांबायचं काही कारण नव्हतं. सौमित्र माझा मुलगा, अमेरिकेत पिस्कॅटवेला असतो. आम्हीही आता त्याच्याकडंच असतो. गेल्या डिसेंबरात तो आम्हा दोघांना नायगरा दाखवून परत आणत होता. सून सावनी घरीच होती, तिला सुट्टी नव्हती. गावाचं नाव सांगत नाही, उद्या तुम्ही बघायला जाल. बफेलोपासून लांब नाही. दोनशे वर्षांचा कालवा गावाच्या मधून गेलाय.

“बाबा, थर्टी मिनिट्स,” कॉफीच्या दुकानात लॅपटॉप उघडत तो म्हणाला. “तुम्ही दोघं कालवा बघून या. स्लिपरी आहे, सांभाळून.”

मी चौथी शिकलो. नीरेच्या कालव्यावर एकतीस वर्षं पाटकरी होतो, पाणी सोडायचं काम. कालव्यावर सांभाळून कसं चालायचं ते मला या पोरानं शिकवू नये.

माझ्या बायकोचा, कांचनचा, गुडघा धरला होता. “अहो, मी इथंच बसते. तुम्ही या बघून.”

“दोन दिवस गाडीत बसलीच आहेस की. चल.”

मी निघालो. आमच्यात मी पुढं आणि ती दहा पावलं मागं, असंच आहे. वळून बघायची मला सवय नाही. पावलं वाजतायत म्हणजे बायको येतेय. चव्वेचाळीस वर्षं तेवढ्यावर भागलं.

साडेचार झाले असतील. उजेड विझत आला होता. थंडीत तिकडे कालवा रिकामा करतात. तळाला काळा चिखल, त्यावर बर्फाचा पापुद्रा, आणि कुजलेल्या पानांचा वास. दोन अजस्र दारांच्या मधे बोटी चढवाय-उतरवायचा दगडी हौद, तीन पुरुष खोल. भुरभुर बर्फ पडायला लागला तसे गावाचे आवाज एकेक करून बंद झाले. मागं फक्त तिची पावलं. कच्च. कच्च.

हौदाच्या काठावर वाट अरुंद झाली. एका बाजूला नुसती साखळी.

“अहो, इथून नको...”

“गप चल.”

थोडं पुढं गेलो आणि काहीतरी पडलं. चिखलात पोतं आपटावं तसं. मी थांबलो. पावलं थांबली नाहीत. कच्च. कच्च. पार माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली.

मग खालून आवाज आला. “अहो...”

मी वळलो. कांचन मागंच उभी होती. सौमित्रचा जुना कोट, मरून रंगाची शाल नाकापर्यंत ओढलेली. माझ्या खांद्यावर बर्फ साचला होता, तिच्या अंगावर कणसुद्धा नव्हता.

“खाली कोण आहे?” मी विचारलं.

“कुणी नाही. चला.”

“अहो, मी पडलेय...” खालून परत. “पाय हलत नाही... तुमच्या शेजारी कोण उभंय?”

मी वाकून पाहिलं. अंधारात एक हात हलत होता. कोट तोच, शाल तीच. बायका दोन होत्या आणि त्यातली एकच माझी होती.

“सौमित्रला बोलवा हो...” खालची रडायला लागली. मी जागचा हललो नाही, तशी ती जीव खाऊन ओरडली, “उल्हाऽऽस! उल्हास, वर काढ मला!”

आणि माझं डोकं लख्ख झालं. कांचननं माझं नाव लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. विमानतळावर गोऱ्यानं नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा हिनं मुकाट्यानं माझा पासपोर्ट पुढं केला होता. आणि ही एकेरीत बोंबलते? ही माझी बायको असूच शकत नाही.

मागची हळूच म्हणाली, “अहो, चला ना. गारठा वाढतोय.”

माझी बायको अशी बोलते. मी तिच्याबरोबर निघालो. खालचा आवाज बराच वेळ येत होता, मग बर्फानं गिळला.

पुलावर आल्यावर ध्यानात आलं, ही लंगडत नाही. आणि दहा पावलं मागंही नाही, खांद्याला खांदा लावून चालतेय. तिथून परत फिरता आलं असतं. पाच मिनिटांची वाट. पण फिरलो असतो तर मी चुकलो असं झालं असतं. मी फिरलो नाही.

दुकानात सौमित्र म्हणाला, “आई, कसा झाला वॉक?” ती मान डोलावून हसली. त्याला काही वेगळं वाटलं नाही. आईकडं नीट बघायला पोरांना वेळ कुठं असतो?

एप्रिलमध्ये, कालव्यात पाणी सोडायच्या आधी, हौदात बाई सापडली. सौमित्र फोनवर वाचत होता. “बाबा, आपण थांबलो होतो ना, तिथंच. इंडियन लेडी वाटते म्हणे, साठीची. कुणी ओळखतं का, पोलीस विचारतायत. सॅड यार.”

ती शेजारी बसून मेथी निवडत होती. तिचा हात थांबला. माझ्याकडं बघत राहिली.

“आपल्याला काय करायचंय?” मी म्हणालो. तिनं पुढची जुडी घेतली.

आता परत डिसेंबर आलाय. परवा जेवताना ती सौमित्रला म्हणाली, सावनीचा नायगरा राहिलाय, येताना तिला तो कालवाही दाखवू. पोरगं खूश. लगेच हॉटेल बुक केलं. मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, “सावनी कशाला?”

ती पोळी लाटत होती. लाटणं थांबवलं नाही. “माझी धाकटी बहीण तिथंच उभी आहे अजून. तिलाही घर नको का?”

कांचन एकुलती एक होती.

मी बाहेर आलो. सावनी दारात बर्फाचे नवे बूट घालून बघत होती. “बाबा, बघा ना, घसरणार नाहीत ना हे?”

सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. हौद, तो आवाज, मी कुणाला सोडून आलो ते.

“चांगलेत,” मी म्हणालो.