लाल कोबीच्या वाफ्यातला घातपात

“भिंगरे, अजून दोन गेली!” ढब्बू धापा टाकत आला.

धाकट्या भावाचा चेहरा बघूनच भिंगरी चपला न घालता परसात धावली. लाल कोबीच्या दोन रोपांनी मान टाकली होती. पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या होत्या. सुट्टीभर तिने ही रोपं तळहातावरच्या फोडासारखी जपली होती आणि आता उरली होती फक्त तीन!

बाबांनी तर सकाळीच बजावलं होतं, “संध्याकाळी फरशीवाला येतोय. एक तरी रोप धड दिसलं तर वाफा ठेवू. नाहीतर तिथे गाडी उभी राहील.”

“पाणी घाल ना!” ढब्बू रडकुंडीला आला.

“सकाळपासून घालतेच आहे! जितकं घालावं तितकी जास्तच मरतायत मेली!” भिंगरीने पिंपातून आणखी एक तांब्या भरला.

शेजारची शंकेखोर कुंपणावरून उडी मारून आली. तिचं खरं नाव तिच्या आईलाही आता आठवत नसेल. “गड्ड्यात अळी असणार. एक चिरून बघूया.”

“वेडी आहेस का? तीनच उरलीत!”

“आणि न चिरता तिन्ही मेली तर?”

भिंगरी घरातून सुरी घेऊन आली. तिने त्यातल्या त्यात चांगला गड्डा निवडला आणि रडत रडतच सुरी चालवली. आत अळी नव्हती. काहीच नव्हतं! उगाच जीव घेतला, असं वाटून तिने जांभळे झालेले हात पाण्याच्या पिंपात खुपसले.

“अगं बाई! हात बघ तुझे!” शंकेखोर किंचाळली.

हात चक्क हिरवे झाले होते!

ढब्बू मागे सरकला. “आता ही पण मरणार?”

“गप रे!” शंकेखोरने कोबीचं पान स्वतःच्या हातावर चोळून नळाखाली धरलं. हात जांभळाच राहिला. मग तिने साबण लावला. हिरवा! “म्हणजे पिंपातच काहीतरी साबणासारखं आहे!”

पिंप कधीच रिकामं कसं होत नाही, याचं आजवर कुणालाच नवल वाटलं नव्हतं. तिघांनी मागे डोकावून पाहिलं. पिंपात सोडलेली एक नळी भिंतीच्या कडेने थेट न्हाणीघरात, कपडे धुण्याच्या मशीनपाशी गेली होती. तिथे काका शीळ घालत उभे!

“काका, पिंपात मशीनचं पाणी सोडता?” भिंगरी ओरडली. आरडाओरडा ऐकून बाबाही आले.

“छे, छे! पिंपातलं पाणी एकदम स्वच्छ!” काका म्हणाले.

ढब्बूने पिंपातून पेला भरून आणला. “मग घ्या ना काका, एक घोट!”

“अरे, त्यात धुण्याचा सोडा आहे!” काकांनी जीभ चावली, पण आता उपयोग नव्हता. “पाणी वाया जाऊ नये म्हणून रे... म्हटलं, झाडांना काय कळतंय!”

“झाडांना कळलं, तुलाच कळलं नाही!” बाबा कडाडले.

तेवढ्यात दारात फरशीवाल्याचा टेम्पो थांबला. भिंगरीने वाफ्याकडे पाहिलं. दोनच रोपं, आणि तीही मलूल! बाबा वाफ्यापाशी वाकले. त्यांनी दोन्ही रोपांची पानं उलटून पाहिली.

“टेम्पो मागे घ्या!” त्यांनी हाक दिली. “धड रोप एकही नाही. पण बाकीची वाचवायला आपला सगळ्यात चांगला गड्डा चिरणारी पोरगी आहे या घरात. शाब्बास रे पोरांनो!”

भिंगरीने ते ऐकलंच नाही. ती नळाखाली बादली लावून बसली होती.