गाडी सुरू, नालीला पाणी

"टेम्पोची चावी इकडे द्या भुपेंद्रभाऊ, अन् राजा होऊन जा!" भोजराजने हात पुढे केला.

शुभांगीने झटकन भुपेंद्रमामाकडे पाहिलं. मामा खरंच खिशात हात घालत होता! शहापूरहून रोज भंडाऱ्याच्या बाजारात भाजी पोचवणारा, मामाचं अख्खं घर चालवणारा टेम्पो आज भोजराजच्या दिघोरीतल्या या शेडमध्ये राहणार होता. बदल्यात मिळणार होती सत्तावन्न सालची अमेरिकन मोटार. खोलीएवढी लांब, पिस्ता रंगाची, मागे माशासारखे दोन पर आणि पुढे चकचकीत दातांचं हसू. भोजराजचं हसूही तसंच होतं, फक्त त्यात दात जरा जास्त होते.

"वरातीले भाड्यानं देईन," मामा म्हणाला. "नवरदेव रांग लावतील!"

मामाने आतापर्यंत अकरा वेळा बॉनेट कुरवाळलं होतं आणि एकदाही टायरकडे पाहिलं नव्हतं. शुभांगीने मोजलं होतं.

"काका, बॉनेट उघडा ना जी," ती म्हणाली.

"कुलूप आहे बेटा. चावी नागपूरच्या मिस्त्रीजवळ."

"मग चालवून दाखवा!"

"नवे टायर येऊन राहिले ना! सोमवारी गाडी घरपोच."

"अन् टेम्पो?"

"तो आजच!"

शुभांगीने मामाचा शर्ट ओढला. मामाने मात्र तिच्यावरच डोळे वटारले. "पोट्टीले काय समजते! भाऊ, अजून एक डाव आवाज ऐकवा."

भोजराज आत बसला. शकुनाचा म्हणून त्याने दोनदा भोंगा वाजवला, किल्ली फिरवली. डुग्-डुग्-डुग्! शेड दणाणलं. मामाने भजनाला बसल्यासारखे डोळे मिटले. पुन्हा एकदा भोंगा वाजला, किल्ली उलटी फिरली आणि आवाज बंद!

तेवढ्यात शेडमागून शुभांगीचा धाकटा भाऊ मोनू धावत आला. शेताच्या कोरड्या नालीत शिंपले वेचायला गेलेला हा गडी कमरेपर्यंत भिजला होता. मागे मामाची पोरगी टीना हसत होती.

"ताई! नालीले पाणी आलं! अन् गेलं बी!"

"कवा आलं?"

"गाडी सुरू झाली तवा. गाडी बंद, पाणी बंद!"

"मघाशी बी असंच झालं," टीना म्हणाली.

शुभांगीला आठवलं, आधी दोन भोंगे, मग आवाज. डुग्-डुग्-डुग्! हा तर उन्हाळी धानाला पाणी देणाऱ्या डिझेल इंजिनाचा आवाज! धानाच्या गावातलं पोर तो झोपेतही ओळखेल. मग मोठ्या माणसांच्या कानांना झालं होतं तरी काय?

"बाबाले सांगू?" टीनाने विचारलं.

"मामा ऐकणार नाही. त्याले दाखवाच लागते!"

झाडाखाली मामा कागदावर सही करायला वाकला होता. मोटारीची किल्ली भोजराजच्या बोटात फिरत होती. शुभांगी हळूच गाडीत शिरली.

पों-पों!

डुग्-डुग्-डुग्-डुग्!

मामाचा पेन हवेतच थांबला. त्याने गाडीकडे पाहिलं. मग भोजराजच्या बोटातल्या किल्लीकडे. मग पुन्हा गाडीकडे. "अरे बाप्पा! किल्लीबिगर?"

शेडमागून भोजराजचा नोकर, तेलकट हातांचा कवडू धावत आला. "मालक, बंदचा भोंगा काहून नाही वाजवून राहिले? डिझेल संपून राहिलं ना जी!"

मामाने झेप घेऊन बॉनेट ओढलं. कुलूप कसलं, साधी तार बांधलेली! तार तुटली, बॉनेट वर गेलं आणि सगळ्यांनी आ वासला. इंजिनाच्या जागी तणसाचा, धानाच्या वाळल्या पेंढ्याचा ढीग होता. त्यावर एक लाल कोंबडी अंडी उबवत बसली होती. सगळ्यांत जास्त धक्का तिलाच बसलेला दिसला!

"कॉक्-कॉक्-कॉक्!"

भोजराज पळाला तो थेट मागच्या बांदीत. पण त्या रिकाम्या शेतात सकाळपासून त्याच्याच इंजिनाचं पाणी मुरलं होतं. चौथ्या पावलाला तो गुडघाभर चिखलात रुतला आणि पोलीस येईपर्यंत तिथेच उभा राहिला.

संध्याकाळी मामीने सगळं ऐकलं, कपाळावर हात मारला आणि तिन्ही पोरांना जवळ ओढलं. "माय वं! घराची चूल राखली माह्या पोट्ट्यांनी! अन् तुम्ही जी, मोठे मानूस?"

मामा खाली मान घालून टेम्पोत जाऊन बसला. त्याने भोंगा वाजवला, चावी फिरवली. टेम्पो घुरघुरला. मोनू धावत अंगणातल्या नळाशी गेला आणि तोटीखाली हात धरून ओरडला, "मामा, पाणी नाही येऊन राहिलं! टेम्पो अस्सल आहे!"