चिन्नोराच्या बांधावरची टकटक

उन्हं कलली होती. रिता बांधावरून कुंपण बघत चालली होती, आणि समोरून एक अनोळखी तरुण येत होता. कानाला ट्रान्झिस्टर, डोळे अर्धवट मिटलेले... आणि पाय सरळ तिच्या तारेच्या दिशेने.

"थांबा तिथंच," ती म्हणाली. "तारेले हात लागला तर झटका बसते."

तो थांबला. त्याच्या ट्रान्झिस्टरवर ना गाणं होतं ना बातम्या. नुसतं टक... टक... टक.

"म्हणजे हे इथून येऊन राहिलं," तो हसून म्हणाला. "चार दिवस झाले, मले वाटे का माह्या डोक्यातच वाजते."

रिताला हसू आलं. पण तिने ते ओठांतच ठेवलं, कारण कुंपण तिचं होतं.

सानगडीच्या बाजारात रिताचं दुकान होतं. मिक्सर, पंखे, मोबाईल, जे बंद पडेल ते तिच्या टेबलावर येई. साकोलीच्या आयटीआयमध्ये ती इलेक्ट्रॉनिक्स शिकली होती, आणि गावातल्या निम्म्या शेतांना झटका मशीन तिनेच बसवलं होतं. मशीन म्हणजे बॅटरीवरचा एक डबा. तो दर सेकंदाला कुंपणाच्या तारेत विजेचा एक ठोका सोडतो. रानडुक्कर शिवलं की किंचाळत पळतं, मरत नाही. 'रितानं लावलं म्हणजे पुन्हा पाहा लागत नाही' असं लोक म्हणत, आणि हे वाक्य तिला दागिन्यापेक्षा प्यारं होतं.

तरुणाचं नाव मनिष. मूळचा सिहोऱ्याचा, गुरांच्या दवाखान्यात नोकरीला. दिवाळीआधी बदलून आला आणि रिताच्या शेताला लागून असलेलं घर त्याने भाड्याने घेतलं. वर्षभर ते घर कुलूपबंदच होतं. टेम्पोतून त्याने पलंग आणला नाही, पण कमरेएवढे दोन स्पीकर, एक जुना ॲम्प्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेअर तेवढा गादीत गुंडाळून आणला. आता माणसाची हौस कशी असते ती असते! रेकॉर्डवरच्या सुईतून निघणारा आवाज फार नाजूक असतो. त्याला मोठा करताना ॲम्प्लिफायर आजूबाजूची खरखरही मोठी करतो. मनिषच्या घरात प्रत्येक गाण्यामागे एक घरघर होती, आणि तिच्यावर ही टकटक.

मशीन बंद करायची सोय नव्हती. चिन्नोर धान पोटरीतून बाहेर पडलं होतं, लोंब्या भरत होत्या, एका रात्रीत डुकरांनी वर्षाचं वाटोळं केलं असतं. रिताचे वडील ताराचंद सगळं ऐकून म्हणाले, जाऊन पाह्य पोरी, शेजारी माणूस हाय.

ती गेली. यंत्रांच्या मागे वाकून पाहिलं तर मनिषने सगळ्या वायरी एकत्र करून सुतळीने छान पेंढी बांधली होती.

"विजेची वायर अन् आवाजाची वायर एका पेंढीत बांधत नसतात," ती म्हणाली. "एकीचं दुसरीत उतरते."

"मले वाटलं, नीटनेटकं दिसंन."

"दिसते नं. ऐकू येत नाही."

तिने पेंढी सोडली, वायरी दोन बाजूंनी नेल्या, मोबाईलचा चार्जर दुसऱ्या खोलीत हाकलला. सुईची वायर बदलून जाळीच्या आवरणाची घातली. घरघर ओसरत ओसरत नाहीशी झाली. मनिष तिच्याकडे असा बघत राहिला की तिला हातातला पेचकस कुठे ठेवावा ते सुचेना. टकटक मात्र तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी अर्थिंग तपासायला ती घरामागे गेली आणि जागीच थिजली. जमिनीत ठोकलेल्या सळईला घराची वायर होती, आणि तिच्याच शेजारी, तिच्याच हाताने आवळलेली, कुंपणाची हिरवी वायर.

तिला सगळं आठवलं. एप्रिल महिना, जमीन दगडासारखी, सळई ठोकताना हातोडा उलटून येत होता. घर रिकामं होतं. कोणाला काय फरक पडतो म्हणून तिने कुंपणाचं अर्थिंग या सळईला जोडून दिलं आणि नंतर साफ विसरून गेली. आता कुंपणाचा प्रत्येक ठोका याच सळईवाटे मनिषच्या ॲम्प्लिफायरमध्ये चढत होता. दोष तिचाच होता, आणि उपायही सोपा होता. कुंपणासाठी दूर एक वेगळा खड्डा खणायचा, अर्ध्या दिवसाचं काम.

तिने आजूबाजूला पाहिलं, तरोट्याची झुडपं वायरीवर ओढली आणि आत येऊन म्हणाली, "पाहा लागंन... वेळ लागंन."

मग वेळ लागत गेला. दुकान बंद करून ती रोज संध्याकाळी घटकाभर यायची. कधी वायरीत खरखर अडवणारी काळी कडी अडकव, कधी स्पीकर चार बोटं सरकव. यातल्या कशानेही काही होणार नाही हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तो चहा करायचा, साखर जास्त टाकायचा. तळ्यावरून धुकं निघून शेतात उतरायचं, खिडकीतून चिन्नोराचा सुवास आत यायचा, आणि दोघं जमिनीवर बसून टकटकीसकट गाणं ऐकायची.

"डोळे मिटून आयक," तो एकदा म्हणाला. "गाणं चालू व्हायच्या आधी गाणारी श्वास घेते. मले तेवढाच आयकाचा हाय... पण ही टकटक तो खाऊन टाकते."

तिने डोळे मिटले. तिला गाणारीचा श्वास ऐकू आला नाही, त्याचा मात्र आला. आपण प्रेमात पडलो आहोत हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि आपण या माणसाशी खोटं वागतोय हेही.

इकडे घरात वेगळीच गडबड होती. धान निघायला आलं की आमच्याकडे सोयरिकीचे दिवस येतात. गोंदियाचे पाहुणे येत्या रविवारी रिताला पाहायला येणार होते. मुलगा चांगला, घर चांगलं, नाही म्हणायला कारण नव्हतं. कारण होतं ते शेजारच्या घरात चहात साखर ढवळत होतं, आणि त्याच्या तोंडून आवाजाशिवाय दुसरा विषय निघत नव्हता.

बुधवारी ती गेली तेव्हा स्पीकर गादीत गुंडाळलेले होते.

"सिहोऱ्याले धाडून देतो," मनिष म्हणाला. "तुह्यासारखीले दोष सापडला नाही, म्हणजे माह्या ॲम्प्लिफायरमंदीच खोट हाय. भंगार झालं ते. उगाच तुह्या संध्याकाळा वाया घालवल्या."

तो एवढ्या सरळपणे बोलला की तिला तिथे उभं राहवेना. ती निघून आली.

गुरुवारी सकाळी, दव वाळायच्या आत, ती शेताच्या पार दुसऱ्या टोकाला खड्डा खणत होती. शेजारी कोळसा, मीठ आणि नवी सळई. दवाखान्याला निघालेला मनिष सायकल टाकून बांधावरून तिच्याकडे आला.

"काय करून राहिली?"

रिताने कुदळ खाली ठेवली. सांगायचं तर आत्ताच, नाहीतर कधीच नाही.

"तुह्या मशीनमंदी खोट नाही. खोट माह्यात हाय. कुंपणाचं अर्थिंग म्याच तुह्या घराच्या सळईले बांधलं होतं. मले दुसऱ्याच दिवशी समजलं."

तो बघतच राहिला. "तीन हप्ते... मंग सांगितलं काहून नाही?"

"लाज वाटली. लोक म्हणतात, रिताचं काम पाहा लागत नाही." ती थांबली. पुढचं बोलताना नजर खड्ड्यात होती. "अन्... काम संपलं असतं तर मी कायले आली असती तुह्या घरी?"

मनिषने खड्ड्याकडे पाहिलं. वळला आणि चालू लागला. झालं, संपलं, असं तिला वाटलं. डोळे भरून आले. तरी तिने खड्डा पुरा केला, सळई ठोकली, कोळसा-मीठ भरलं, पाणी ओतलं. घरामागे जाऊन हिरवी वायर सोडवली आणि कुंपणाला नवं अर्थिंग जोडलं. कामात पुन्हा चूक नको होती.

मशीन चालू करून ती बांधावर टेकली, तोच त्याच्या खिडकीतून... आधी काहीच नाही. मग एक श्वास, स्वच्छ, जवळचा, आणि मग गाणं. त्याने दवाखान्याला न जाता गादी सोडून सगळं पुन्हा जोडलं होतं.

मनिष मागच्या दारात आला. फोन कानाला होता. बोलत बोलत तो बांधावर तिच्यापाशी येऊन उभा राहिला. सिहोऱ्याला आईशी बोलत होता, येताना बाबांनाही घेऊन ये म्हणून सांगत होता. फोन ठेवून त्याने विचारलं, "गोंदियाचे पाहुणे कधी येतात?"

हे त्याला ठाऊक होतं तर. "रविवारी," ती म्हणाली.

"माही माय शनिवारी येते."

रिताने मातीने भरलेले हात पदराला पुसले आणि वडिलांना सांगायला घराकडे निघाली. चार पावलं गेल्यावर धावायलाच लागली.